पाणी रोज वेगळं, मशीन एकच, आणि पूल हिरवा

पत्र : ताई, नमस्कार. आम्ही धायरीत राहतो, ४० फ्लॅटची सोसायटी, सहा वर्षं झाली. कॉर्पोरेशनचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकी टँकर आणि थोडं बोअर, सगळं एकाच खालच्या टाकीत पडतं. घरातला जुना फिल्टर बंद पडला म्हणून मशीनवाल्याला बोलावलं, तर त्याने नळाच्या पाण्यात दोन रॉड घातले आणि पाणी चहासारखं झालं, सासूबाई घाबरूनच गेल्या. त्याचा टीडीएस मीटर ७१० दाखवत होता. मी दोन दिवसांनी शेजारणीचा मीटर आणून बघितलं तर १८०. मिस्टर म्हणतात १८ हजारांचं आरओ घेऊन टाकू, सासूबाई म्हणतात आरओने हाडं झिजतात, आपला तांब्याचा हंडाच बरा. त्यात यंदा मी सोसायटीची सेक्रेटरी, आणि स्विमिंग पूल (१० बाय ५ मीटर) हिरवागार झालाय, मुलांना सुट्ट्या लागल्यात, पूलवाला म्हणतो फिल्टरची सगळी वाळू बदला, ४० हजार होतील. कुठला फिल्टर घेऊ, तो साफ कसा ठेवू आणि पूलचं काय करू? — वैतागलेली सेक्रेटरी

सेक्रेटरीबाई, आधी त्या चहाचं बोलू, कारण निम्मी खरेदी त्या चहामुळेच होते. त्या दोन रॉडमधला एक लोखंडाचा असतो, दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा. पाण्यात क्षार असले की करंट जातो, करंट गेला की लोखंड झिजून पाण्यात उतरतं, आणि तुम्हाला जो तपकिरी गाळ दिसला तो त्या रॉडचा गंज होता, तुमच्या पाण्यातली घाण नव्हे. आरओच्या पाण्यात क्षारच जवळजवळ नसतात म्हणून करंट जात नाही आणि ग्लास स्वच्छ राहतो, बस एवढंच. माझ्या नणंदेकडे चिंचवडला असाच एक मुलगा आला होता, ऐन जेवणाच्या वेळी, मी त्याच्या त्या काचेसारख्या आरओच्या ग्लासात ताटातलं चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हटलं आता घाल तुझे रॉड, दोन मिनिटांत तोही चहा. तो म्हणाला मॅडम असं करायचं नसतं. मी लॅबमध्ये पाणी तपासण्यात २७ वर्षं काढली, मला कसलं करायचं नसतं!

मीटरचंही तसंच आहे. तो मीटर फक्त पाण्यातून वीज किती जाते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा, म्हणजे टीडीएसचा, अंदाज देतो, लिटरमागे इतके मिलिग्रॅम असा. शहाळ्याच्या पाण्यात बुडवा, हजारात आकडा येईल. पत्र्यावरून पडलेलं, कबुतरांनी घाण केलेलं पावसाचं पाणी धरा, ४० सुद्धा दाखवेल. जंतू त्याला दिसत नाहीत. तुमच्याच भागात जानेवारी २०२५ मध्ये ते जीबीएसचं (हातापायांच्या नसांवर जाणारा आजार) प्रकरण झालं ना, नांदेड, किरकटवाडी, धायरी, तेव्हा संशय होता तो पाण्यातल्या जंतूंवर, काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला होता, टीडीएसचा त्यात काहीही संबंध नव्हता, आणि त्या वेळी महापालिकेने काही खासगी आरओ प्लांटसुद्धा बंद केले होते. म्हणजे नुसतं आरओ असं लिहिलेलं असलं की झालं, असं अजिबात नाही.

पाण्यात तीन वेगळ्या भानगडी असतात आणि तिन्हीला औषध वेगळं. गढूळपणा असेल तर तो कँडलने किंवा गाळणीने जातो. जंतू असतील तर उकळणं, क्लोरिन, यूव्ही (जंतू मारणारा अतिनील किरणांचा दिवा) नाहीतर यूएफ (जंतू अडवणारी अतिबारीक छिद्रांची गाळणी). आणि क्षार जास्त असतील तरच आरओ, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून पाणी दाबून काढणं. बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, पिण्याच्या पाण्याचं जे स्टँडर्ड आहे, आयएस १०५००, त्यात टीडीएस ५०० पर्यंत चांगलं धरलंय आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं आहे. म्हणून तुमचं ७१० म्हणजे विष वगैरे नाही, चवीला मचूळ लागेल, चहावर तवंग येईल, गीझर पांढरा होईल, इतकंच. हरित लवादानेसुद्धा २०१९ मध्ये सांगितलं होतं की टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ वापरूच देऊ नका, कारण पाणी वाया जातं. घरच्या मशीनमध्ये साधारण एक लिटर प्यायला मिळतं आणि तीन लिटर मोरीत जातं, टँकर विकत घेऊन मोरीत घालायचं म्हणजे बघा.

आता तुमच्या पत्रातली खरी मेख. मीटर बिघडलेला नाही, पाणीच दोन वेगवेगळी आहेत. १८० म्हणजे त्या दिवशी टाकीत जास्त करून खडकवासल्याचं पाणी होतं, ते मुळात गोडं आणि हलकं, आणि ७१० म्हणजे टँकर आणि बोअर. कुठलंही मशीन घ्या, ते एका प्रकारच्या पाण्यासाठी सेट केलेलं असतं. ७१० साठी सेट केलं तर कॉर्पोरेशनच्या दिवशी पाणी इतकं कोरडं होणार की टीडीएस १५-२०, चवीला नुसतं बेचव. मशीनवाला म्हणेल त्याच्यावर टीडीएस अ‍ॅडजस्टर आहे मॅडम. आहे, पण तो म्हणजे एक स्क्रू, तो थोडं पाणी आरओला बगल देऊन पुढे सोडतो, आणि त्या बगलेतून जंतूही जातात. त्यामुळे अ‍ॅडजस्टर असेल तर त्याच्या *पुढे* यूव्ही किंवा यूएफ असलंच पाहिजे, हे विकत घेताना विचारा आणि आकृती दाखवायला सांगा, निम्म्या सेल्समनना माहीत नसतं.

पण त्याआधी एक विचारते. तुम्ही सेक्रेटरी आहात, मग घरचं मशीन कशाला बदलताय, टाकीच वेगळी करा ना! पुण्यात कितीतरी सोसायट्यांमध्ये किचनला पिण्याच्या पाण्याची लाईन वेगळी असते, कॉर्पोरेशनचं फक्त त्यात आणि टँकर-बोअर वापरायला. तुमचा हिशोब करू. ४० फ्लॅट, घरटी ४ माणसं, पिणं-स्वयंपाक माणशी १० लिटर म्हणजे भरपूर, झाले १६०० लिटर रोजचे. एक दिवसाआड पाणी येतं म्हणून दोन दिवसांचे ३२००. पाच हजारांची एक टाकी आणि किचनपर्यंत एक पाइप, प्लंबरचं कोटेशन मागवा आणि ४० ने भागा, त्या १८ हजारांच्या जवळपास तरी जातंय का बघा, आणि वर प्रत्येक घराची वर्षाची सर्व्हिसिंग वाचते ती वेगळीच. किचनला आधीच दोन नळ काढलेले असतील तर कामच कमी, बिल्डरचे प्लंबिंगचे ड्रॉइंग काढून बघा. मीटिंगमध्ये भांडणं होतील हे मान्य, तळमजल्याचे म्हणणार आमचं प्रेशर जाईल, होऊ देत.

हे झालं तर घरात साधं यूव्ही आणि यूएफ असलेलं मशीन पुरे, आरओ नको. यूव्हीला पाणी स्वच्छ लागतं, गढूळ पाण्यात जंतू कणांच्या सावलीत लपतात, म्हणून आधी कँडल हवीच. लाईट फार जात असेल तर यूएफ, त्याला वीज लागत नाही. नाहीच जमलं वेगळ्या टाकीचं, तर मग आरओ घ्या, मी नाही म्हणणार नाही, ७१० चं पाणी सहा महिने पिणं कुणाला आवडतं. पण घेण्याआधी पंधरा दिवस रोज सकाळी नळाचं रीडिंग कॅलेंडरवर लिहा. आणि एकदा बोअरचं आणि टँकरचं पाणी लॅबमधून तपासून घ्या, नायट्रेट (लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं), हार्डनेस (पाण्याचा जडपणा) आणि कोलिफॉर्म (मैलापाणी मिसळल्याची खूण देणारे जंतू) एवढं तरी, पुण्यात सरकारी प्रयोगशाळा आहे, भूजलवाल्यांचीही आहे. नायट्रेट जास्त निघालं तर मात्र यूव्ही-यूएफ काही करू शकत नाही, उकळल्याने तर उलट वाढतं, तिथे आरओच. बाकी त्या मशीनवरचं अल्कलाइन, झिंक, कॉपर, सोनं-चांदी जे काय लिहिलेलं असतं त्याचे पैसे देऊ नका. आयएसआयचा मार्क बघा, तुमच्या भागात सर्व्हिसचा माणूस खरंच येतो का ते शेजाऱ्यांना विचारा, आणि कँडल कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या साइजची आहे की फक्त त्याच कंपनीची ते बघा, ही शेवटची गोष्ट सगळ्यात महागात पडते.

सासूबाईंना सांगा, आरओ पाण्यातला कॅल्शियम काढून टाकतो हे त्यांचं बरोबर आहे, पण हाडं झिजण्याचा दोष त्याच्यावर घालू नका. १०० हार्डनेसच्या लिटरभर पाण्यात सगळा जरी कॅल्शियमच धरला तरी ४० मिलिग्रॅम होतो, एक कप दुधात त्याच्या पाच-सहा पट असतो, नाचणीची भाकरी आणि तीळ वेगळेच. हंडा ठेवू देत त्यांना, चिंचेने घासून चकचकीत, फक्त त्यात भरायचं ते पाणी आधी फिल्टर केलेलं असू दे आणि त्यात ताक-सरबत ठेवू नका, आंबट पदार्थात तांबं उतरतं.

आता साफसफाई, जी कुणी करत नाही. मीसुद्धा नाही केली, खोटं कशाला बोलू. मुलीच्या बाळंतपणाच्या वर्षी आमच्या मशीनकडे मी बघितलंच नाही, सर्व्हिसवाला येऊन सही घेऊन जायचा, आणि एक दिवस पाण्याला शेवाळासारखा वास यायला लागला म्हणून स्वतः स्क्रू काढून टाकी उघडली तर आतून बोटाला बुळबुळीत थर. लॅबमध्ये लोकांना उपदेश करणारी बाई मी! होतं काय, आतली कार्बनची कँडल क्लोरिन काढून घेते, चव चांगली लागते, पण मग पुढे टाकीत जे पाणी उभं राहतं त्याला राखण करायला कुणी नाही, यूव्हीचा दिवा टाकीच्या आधी असेल तर तो पुढे टाकीत गेलेल्या पाण्याचं काही करू शकत नाही, आणि जंतू निवांत संसार थाटतात. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी टाकी पूर्ण रिकामी करायची, मऊ स्वच्छ कपड्याने आतून पुसायची, तारेची घासणी नाही, साबण नाही, मेडिक्लोरसारखं पिण्याच्या पाण्यात चालणारं क्लोरिन बाटलीवर लिहिलेल्या मापाने घालून अर्धा तास ठेवायचं, सोडून द्यायचं, परत भरून पहिली टाकी फेकायची. नळाची तोटी तर लोक विसरतातच, आतून नव्या, न वापरलेल्या टूथब्रशने घासा. गावाला गणपतीला आठ दिवस गेलात तर आल्यावर टाकी रिकामी केल्याशिवाय एक घोट पण पिऊ नका.

बाहेर जो पांढऱ्या दोऱ्याच्या रिळासारखा प्री-फिल्टर लटकतो त्यावर बसवतानाच मार्करने तारीख लिहा. टँकरचं पाणी असेल तर तीन महिने, नाहीतर सहा. तो ब्रशने घासून परत लावणारे खूप आहेत, वरून पांढरा होतो पण माती आत खोल बसलेली असते आणि घासल्याने थर सुटतात, शंभर-दोनशेची गोष्ट आहे, नवा घाला. कार्बन धुता येत नाही, तो संपला की क्लोरिन पुढे जाऊन आरओची मेंब्रेन, म्हणजे तो क्षार अडवणारा पडदा, खातो, म्हणजे स्वस्तातली कँडल टाळून महागातली घालवायची. मेंब्रेन बदला असं सर्व्हिसवाला म्हणाला की लगेच हो म्हणू नका, अ‍ॅडजस्टर पूर्ण बंद करायला सांगा आणि मग आतलं-बाहेरचं रीडिंग घ्या. ७१० आत आणि ५०-६० बाहेर असेल तर मेंब्रेन ठणठणीत आहे, १५०-२०० यायला लागलं तर गेली. अ‍ॅडजस्टर उघडा ठेवून रीडिंग दाखवतात आणि बदलतात, सर्रास. यूव्हीचा निळा दिवा पेटलेला दिसतो म्हणजे काम करतोय असंही नाही, साधारण आठ-नऊ हजार तासांनंतर उजेड राहतो आणि जोर जातो, आणि त्याच्या काचेच्या नळीवर तुमच्या टँकरच्या पाण्याने पांढरा थर बसतो, तो लिंबूसत्वाच्या पाण्याने पुसून घ्यायला सांगा. जुने पार्ट त्याला नेऊ देऊ नका, तुमच्या ताब्यात ठेवा, मग पुढच्या वेळी खरंच बदलतो.

आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरा, ७१० आत गेलं तर ते साधारण ९०० होऊन बाहेर येतं, फरशी पुसायला आणि संडासाला चांगलं, तुळशीला रोज घालू नका, माती खारट होते.

आणि तुमच्या खालच्या टाकीचं विसरू नका. सहा महिन्यांनी धुतली पाहिजे, आणि टँकर आला की टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) नाहीतर लिक्विड क्लोरिन घातलंच पाहिजे, ग्रामपंचायतीचा शिपाई जी ओटी टेस्ट (थेंब टाकून रंगावरून क्लोरिन बघायची) करतो ती तुमचा वॉचमन पण करू शकतो, शेवटच्या मजल्यावरच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरिन मिळालं पाहिजे. ज्या दिवशी शंका, त्या दिवशी उकळा, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, टीडीएस जाणार नाही पण जंतू मरतील.

आता पूल. हिरवा पूल म्हणजे बहुतेक वेळा क्लोरिन संपून शेवाळ धरलंय, फिल्टर बिघडलेला नाही. मे महिन्याच्या उन्हात क्लोरिन दुपारपर्यंत उडून जातो, त्यात वीस पोरं, आणि लिक्विड क्लोरिनचे कॅन जर पंप रूमच्या उकाड्यात महिनाभर पडले असतील तर त्यांचा निम्मा जोर आधीच गेलेला. पूलवाला टेस्ट किट घेऊन येतो का? येत नसेल तर आधी तो बदला, वाळू नंतर. क्लोरिन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) आणि पीएच ७.२ ते ७.८, हे दोन आकडे रोज सकाळी बोर्डावर लिहिलेले दिसले पाहिजेत. पीएच वर गेला असेल तर आधी तो खाली आणा, नाहीतर घातलेला क्लोरिन आळशी होतो. मग १० बाय ५ आणि सरासरी खोली १.२ मीटर धरली तर तुमचा पूल ६० हजार लिटरचा, त्यात १० पीपीएम न्यायला ६०० ग्रॅम क्लोरिन लागतो, ६५ टक्क्यांची क्लोरिन पावडर असेल तर साधारण ९२० ग्रॅम. सूर्य मावळल्यावर घालायचं, भिंती ब्रशने घासायच्या, पंप रात्रभर चालू, आणि क्लोरिन परत ३ च्या खाली येईपर्यंत एकही पोर पाण्यात नाही, कितीही रडलं तरी. पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. आणि ही पावडर आणि त्या पांढऱ्या क्लोरिनच्या गोळ्या, टीसीसीए म्हणतात त्या, एका डब्यात किंवा एका मगाने कधीही नाही, पेट घेतं, हे वॉचमनला नीट बसवून सांगा.

मेलेलं शेवाळ तळाला बसवायला पूलवाले तुरटी टाकतात, चालतं, पण मग तळाचा गाळ व्हॅक्युमने ओढताना व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर ठेवून थेट गटारात सोडायचा. फिल्टरमधून नेला तर वाळूत तुरटीचे गोळे बसतात, आणि मग तोच माणूस येऊन म्हणतो वाळू खराब झालीय. मोरचूद घालायला लागला तर नको म्हणा, केस हिरवे होतात.

वाळूबद्दल तो शंभर टक्के खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही, कारण सहा वर्षं झाली आणि साधारण पाच वर्षांनी वाळू बदलतातच. पण आधी बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं, नीट होतोय का ते बघा. फिल्टरवरच्या प्रेशरच्या घड्याळाचा काटा स्वच्छ असताना किती असतो ते लिहून ठेवायचं, त्याच्यावर ८-१० पीएसआय चढला की बॅकवॉश, पंप *बंद करून* हँडल फिरवायचं (चालू ठेवून फिरवलं की आतलं गॅस्केट फाटतं आणि पाणी वाळूतून न जाता तसंच पूलमध्ये परत जातं, हिरव्या पूलचं हेही एक कारण), काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीन मिनिटं, मग हँडल अर्धा-एक मिनिट 'रिन्स'वर, मग 'फिल्टर'वर. रिन्स विसरला की पूलमध्ये ढग येतो. हे सगळं करूनही काटा लगेच चढत असेल तर फिल्टरचं झाकण काढायला लावा आणि तुम्ही स्वतः मूठभर वाळू हातात घ्या. सुटी, बोटांतून घरंगळणारी, कण टोचणारे असतील तर राहू दे. चिक्कीसारखी ढेकळं निघाली तर बदला, तुमच्या त्या ७१० च्या पाण्यातला चुनाच तिथे बसलाय, आणि मग वाळूच्या पोत्यांचं, मजुरीचं आणि गॅस्केटचं वेगवेगळं कोटेशन मागा, ४० हजार असा एकच आकडा घेऊ नका. पूलमध्ये पायाखाली वाळू लागत असेल तर खालचा लॅटरल, म्हणजे वाळूखालची चिरा असलेली नळी, तुटलाय, तेव्हा नुसती वाळू बदलून काही होणार नाही, नवी वाळूही तिथेच जाणार.

पुढचं पत्र लिहाल तेव्हा पंधरा दिवसांची रीडिंग, पूलचा पीएच आणि ती मूठभर वाळू कशी निघाली ते कळवा. मिस्टरांना म्हणावं तोपर्यंत १८ हजार बँकेत राहू देत, घरात उकळून प्या.